कमिटच्या आधीचा नाका

गिट वापरणाऱ्या बहुतेकांनी आपल्याच मशीनवरचं एक फोल्डर कधी उघडून पाहिलेलं नसतं. प्रोजेक्टच्या पोटात 'डॉट गिट' नावाचं एक लपलेलं फोल्डर असतं, आणि त्याच्या आत 'हुक्स'. नवी रेपॉझिटरी तयार केली की गिट स्वतःच तिथे काही नमुना फायली टाकून ठेवतो. प्रत्येकीच्या नावाला 'सॅम्पल' असं शेपूट असतं. ते शेपूट कापलं की फाईल जिवंत होते. तोवर बिचारी नुसती पडून असते. मी कितीतरी हुशार प्रोग्रॅमर्सना विचारलंय, की बाबा, हे कधी उघडलंस का? तर उत्तर एकच. "नाही, पण ऐकलंय त्याबद्दल."

ज्यांना गिटशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिलं. फायलींमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची ती वही आहे. बदल करून झाले की आपण 'कमिट' म्हणतो आणि त्या क्षणीचं चित्र वहीत चिकटतं. चिकटण्याच्या आधी गिट एकदा हुक्सच्या फोल्डरमध्ये डोकावतो. 'प्री-कमिट' नावाची फाईल तिथे असेल तर ती चालवतो. तिने शून्य परत दिलं तर कमिट पुढे जातं. दुसरा कुठलाही आकडा दिला तर कमिट जागच्या जागी थांबतं. बास, एवढंच यंत्र आहे.

आमच्या भागात हे समजावून सांगायला मुळीच कष्ट पडत नाहीत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कुठल्याही माणसाला वनविभागाचा नाका माहीत असतो. रस्त्यावर आडवा दांडा, बाजूला छोटी खोली, आत एक रजिस्टर. लाकूड किंवा बांबू भरलेला ट्रक आला की दांड्यापाशी थांबणार. ड्रायव्हरने टीपी, म्हणजे वाहतूक परवाना, दाखवायचा. तो बरोबर असेल तर दांडा वर जातो, नसेल तर ट्रक तिथेच उभा. १९२७ च्या भारतीय वन कायद्यातल्या ४१ व्या कलमाने सरकारला वनोपजाच्या वाहतुकीवर नियम करायचा अधिकार दिला, त्यातून ही सगळी व्यवस्था आली. प्री-कमिट हुक म्हणजे असाच नाका. फक्त ट्रकच्या जागी तुमचा बदल.

तर त्या नमुना फायलींपैकी प्री-कमिटची फाईल मी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा मला हसूच आलं. ती मुख्यतः दोन गोष्टी तपासते. ओळींच्या शेवटी उगाच मोकळ्या जागा राहिल्यात का, ही एक. आणि दुसरी अशी, की नव्या फाईलच्या नावात इंग्रजी वर्णमालेबाहेरचं काही अक्षर आहे का! असेल तर नाकारायचं. कारण फाईलमध्येच लिहून ठेवलंय: वेगवेगळ्या प्रणालींवर अशी नावं त्रास देतात. ते खोटं नाही, आणि एक सेटिंग बदलून ते बंदही करता येतं. पण विचार करा. पेटीतून आलेला, कोणीही हात न लावलेला पहिला नाका, आणि तो 'यादी' किंवा 'हिशेब' नावाच्या फाईलला आत येऊ देत नाही. बरं, नाका नसला तरी गिटचं वागणं काही फार प्रेमाचं नाही. मराठी नावाची फाईल दाखवताना तो अक्षरांऐवजी उलट्या तिरक्या रेघा आणि ३४०, २४४ असे आकडे ओकत बसतो. तेही सेटिंगने थांबवता येतं. असो. कोणी मुद्दाम केलेलं नाही हे. फक्त तो नमुना लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर 'नको असलेला बदल' म्हणून जे आलं, त्यात आपण बसलो, एवढंच.

आता आमच्या कामाबद्दल. मी चंद्रपूरला बसून पोटापाण्यासाठी प्रोग्रॅमिंग करते आणि उरलेल्या वेळात काही ग्रामसभांची कागदपत्रं सांभाळायला मदत करते. वनहक्क कायद्याखालचे दावे, निस्तार पत्रकांच्या नकला, कक्ष क्रमांक, गावाच्या सीमेची वर्णनं, आणि सगळ्यात जिवंत भाग म्हणजे तेंदूपत्त्याच्या याद्या. गडचिरोलीत बऱ्याच ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव आता स्वतः करतात. मे महिन्यातले जेमतेम काही दिवस हंगाम चालतो. घरातली सगळी माणसं पहाटे जंगलात, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर नेऊन द्यायचे. हजार पुड्यांची एक स्टँडर्ड बॅग. कोणी किती पुडे दिले त्यावर मजुरी ठरते, आणि नंतरची रॉयल्टीही त्याच आकड्यावर वाटली जाते. म्हणजे यादीतला एक आकडा चुकला की कोणाच्या तरी घरचे पैसे चुकतात. काही कुटुंबांच्या वर्षाच्या रोख उत्पन्नातला मोठा वाटा या काही दिवसांत येतो. त्यामुळे इथे 'बग' या शब्दाचा अर्थ जरा वेगळा आहे.

या याद्या साध्या मजकुराच्या फायलींत, गिटमध्ये ठेवायच्या असं ठरलं. गावातली तीन-चार मुलं लॅपटॉपवर नोंदी करतात. त्यातला धानोरा तालुक्यातला एक मुलगा फारच तल्लख आहे. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

नको असलेले बदल म्हणजे काय, ते मला इथेच कळत गेलं. पुस्तकं सांगतात पासवर्ड, विसरलेल्या डीबगच्या ओळी, अर्धवट कोड. आमच्याकडे आलेला पहिला पाहुणा होता सातबारा! कोणीतरी जमिनीच्या गट क्रमांकांची यादी स्प्रेडशीटमध्ये उघडली, एक नाव दुरुस्त केलं आणि जतन केली. उघडताना त्या प्रोग्रॅमने '१२/१' ची करून टाकली 'बारा जानेवारी'. '७/१२' ची सात डिसेंबर. आणि गंमत अशी, की '४५/२' जसाच्या तसा राहिला, कारण पंचेचाळीस तारीख कुठल्याच महिन्यात नसते. म्हणजे यादीतले काही क्रमांक बरोबर, काही तारखा झालेले. सगळी यादी बिघडली असती तर लगेच दिसलं असतं. थोडी बिघडलेली यादी डोळ्याला सापडत नाही. आणि ही यादी दाव्याला जोडायची होती.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. जनुकशास्त्राच्या मंडळींनाही एक्सेलने असंच छळलं. 'सेप्ट१', 'मार्च१' अशी मानवी जनुकांची नावं होती, त्यांच्या तारखा व्हायच्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत दिसलं, की एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक-पंचमांशांत अशा चुका आहेत. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलमध्ये ही सवय बंद करायची सोय त्यानंतर, २०२३ मध्ये आली. जनुकांची नावं बदलता येतात हो, पण तलाठ्याने शंभर वर्षांपूर्वी दिलेला गट क्रमांक मी कुठे बदलणार? त्यामुळे आमच्या हुकमधला पहिला नियम हा: क्रमांकाच्या रकान्यात महिन्याचं नाव दिसलं की थांब. चार ओळींचं काम.

दुसरा पाहुणा अदृश्य होता. मराठीतला 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाईप होतो. युनिकोडमध्ये 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे, ते वापरून. किंवा साध्या 'र्' नंतर एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. जुन्या फॉन्टमधून रूपांतरित केलेल्या मजकुरात दुसरी तऱ्हा भरपूर सापडते. दिसायला दोन्ही सारखेच. आता बाजारात तयार हुक मिळतात, त्यातला एक प्रकार असा, की फाईलमधली सगळी अदृश्य चिन्हं 'साफ' करून टाकतो. इंग्रजी कोडसाठी उत्तम, तिथे अशी चिन्हं म्हणजे घाणच. आमच्याकडे एका मदतनीसाने तो बसवला आणि बांबूच्या भाऱ्यांचा हिशेब एका रात्रीत 'भार्यांचा हिशेब' झाला! कोणाच्या भार्या, किती, आणि दर नगाला काय... त्या दिवशी फळीवर जो हशा पिकला तो विचारू नका. पण हशा ओसरल्यावर लक्षात आलं, की हा बदल कोणा माणसाने केलेलाच नव्हता. राखणदारानेच केला होता. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, की हुकने बोट दाखवावं, स्वतः हात लावू नये. नाक्यावरचा माणूस ट्रकमधली चार लाकडं स्वतःच्या मनाने बदलायला लागला तर त्याला काय म्हणाल? बरेच जण मला यावर विरोध करतात. ओळीच्या शेवटची मोकळी जागा काढायला काय हरकत आहे म्हणतात. काढा बापडे, पण दाखवून काढा.

तिसरा पाहुणा सगळ्यात गंभीर, आधार क्रमांक. पैसे बँकेत जायचे म्हणून लोक आधारच्या झेरॉक्स आणून देतात, आणि नोंद करणारा मुलगा 'राहू दे इथे, पुढे लागेल' म्हणून शेऱ्याच्या रकान्यात क्रमांक लिहून ठेवतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. पण गिटच्या वहीतून पान फाडता येत नाही. आजची चूक उद्याच्या कमिटमध्ये पुसली तरी कालचं चित्र तसंच राहतं, आणि ज्याने ज्याने प्रत घेतली त्याच्याकडे ते गेलेलं असतं. इतिहास पुन्हा लिहायची साधनं आहेत, पण ती वापरायची म्हणजे प्रत्येक प्रत शोधून बदलायची. धानोऱ्यातल्या एखाद्या पेन ड्राइव्हवरची प्रत कशी शोधणार? उबर कंपनीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. तिच्या इंजिनिअरांच्या खासगी कोडमध्ये राहिलेली एक किल्ली २०१६ मध्ये चोरांच्या हाती लागली आणि पाच कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली. तिथे निदान वकिलांची फौज होती. पेंढरी भागातल्या म्हातारीच्या नावावर कोणी सिमकार्ड काढलं तर तिने कोणाकडे जायचं? म्हणून हे कमिट व्हायच्या आधीच अडवायला हवं. नंतरच्या कुठल्याही उपायाला अर्थ नाही.

आधार ओळखायचा कसा? बारा आकडे, पहिला शून्य किंवा एक नसतो. शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. त्याची रीत व्हेरहोफ नावाच्या डच गणितज्ञाची, १९६९ ची. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर ती पकडते. तीच रीत आम्ही उलटी वापरतो. बारा आकडे दिसले आणि हिशेब जुळला की समजायचं, हा आधार असावा. सुरुवातीला ९१ लावून लिहिलेला मोबाईल नंबरही बारा आकडी होतो, आणि दहातला एखादा या हिशेबात बसतोच. बसू दे. एकदा जास्त विचारलं तर बिघडत नाही. पण एक खाच कुठल्याच तयार हुकमध्ये मला सापडली नाही. ते सगळे फक्त इंग्रजी आकडे शोधतात. आमची मुलं तर १, २, ३ असे मराठीत लिहितात, तेही चार-चारच्या गटात, मध्ये जागा सोडून! तेव्हा आधी मराठी आकडे इंग्रजीत, मग जागा काढायच्या, मग तपासणी. आणि हे सगळं डिस्कवरच्या फाईलवर न करता कमिटसाठी पुढे केलेल्या मजकुरावर करायचं. फाईल एक असते आणि कमिटमध्ये जाणारं दुसरंच असू शकतं, इथे भलेभले फसतात.

कोणी विचारेल, हे सगळं सर्व्हरवर का नाही तपासत? गिटमध्ये तशीही सोय आहे. 'प्री-रिसीव्ह' हुक सर्व्हरवर बसतो, कोणी बदल पाठवले की तपासतो, आणि नापसंत असेल तर सगळाच गठ्ठा परत पाठवतो. तो हवाच, आमच्याकडेही आहे. पण मूलपासून पुढे सावली, व्याहाड, वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली आणि तिथून आत धानोऱ्याकडे जाऊन बघा, मोबाईलच्या दांड्या एकेक करत कशा उतरतात ते. हंगामात मुलं कित्येक दिवस नेटवर्कशिवाय कमिट करत असतात. गठ्ठा सर्व्हरपर्यंत पोचतो तो आठवड्याने. तेव्हा सर्व्हर म्हणणार, पहिल्याच दिवशीच्या अमुक ओळीत गडबड आहे. आठवड्यापूर्वीचे पुडे कोणाला आठवणार? ती बाई कार्ड घेऊन घरी गेली, पानं गोदामात गेली. उलट लॅपटॉपवरचा हुक जेव्हा अडतो, तेव्हा ती बाई समोर उभी असते. "काकू, चाळीस का एकशे चाळीस?" एवढं विचारलं की काम होतं. खरं उत्तर ज्याच्याकडे आहे तो माणूस जवळ असताना प्रश्न विचारणं, मला वाटतं प्री-कमिटचा खरा उपयोग हा आहे. ऑफिसात बसून हे माझ्या कधी लक्षात आलं नसतं.

आता तो मुलगा. गेल्या हंगामाच्या आधी एका संध्याकाळी त्याचा फोन आला. "ताई, हे मशीन काहून नाही म्हणते जी? मी तर काही चुकीचं नाही लिहिलं."

मी विचारलं, काय लिहिलंस. त्याने एका टोल्याचं नाव सांगितलं. पंधरा-वीस घरांचा टोला, मूळ गावापासून तीन-चार किलोमीटर आत. झालं असं होतं, की पुण्याच्या एका मित्राने फार कळकळीने एक नियम लिहून पाठवला होता. गावाचं नाव सरकारी यादीत नसेल तर कमिट नाकारायचं. कारण उघड होतं, एकाच गावाची चार स्पेलिंगं होतात, बेरजा चुकतात. त्याने जनगणनेची यादी जोडली, नियम चालू झाला, आणि स्पेलिंगं खरंच सुधारली. पण टोला त्या यादीत नव्हताच. आणि हुक कारणही देत नव्हता, 'अवैध नोंद' एवढे दोन शब्द छापून गप्प.

"आमचा टोला यादीत नाही तर आम्ही नाही काय जी?" तो हसतच म्हणाला. पण प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. कारण वनहक्क कायदा नेमका याचसाठी आहे. नोंद नसलेल्या वस्त्यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. १९९६ चा पेसा कायदाही गाव म्हणजे महसुली यादीतली ओळ असं मानत नाही. वस्ती, पाडा, टोला, जिथले लोक आपला कारभार परंपरेने चालवतात ते गाव. सरकारच्या कायद्याने दिलेलं आमच्या हुकने काढून घेतलं होतं! तोही कुठलाही अधिकारी नसताना, एका टेक्स्ट फाईलने.

मित्राला फोन केला. तो बिचारा ओशाळला, आणि दहा मिनिटांत नियम काढून टाकतो म्हणाला. मी म्हटलं, थांब. काढून टाकला की पुन्हा चार स्पेलिंगं. आम्ही असं केलं, की नाव यादीत नसेल तर हुक अडवणार नाही, फक्त बोलेल. शून्यच परत देईल, पण आधी छापेल: 'हे नाव यादीत पहिल्यांदा आलं आहे. नवीन वस्ती आहे की लिहिण्यातला फरक? नवीन असेल तर यादीत जोडा.' आणि यादी त्याच रेपॉझिटरीत, मुलांच्या हाताखाली. हुकचे सगळे निरोपही त्या आठवड्यात मराठीत लिहून काढले. प्रत्येकात काय अडलं, का अडलं आणि आता काय करायचं. 'अवैध' हा शब्द आम्ही काढून टाकला.

हे चाललं असताना मला सारखी मेंढा-लेखाची आठवण येत होती. धानोरा तालुक्यातलंच हे छोटं गोंड गाव, जेमतेम पाचशे वस्तीचं. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा देशभर पोचवणारं. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचा जरी विरोध असला तरी विषय थांबतो, पुन्हा बोलणं होतं. आणि निर्णयाच्या आधी अभ्यासगट बसतो. तिथे नुसती चर्चा, प्रश्न, बाहेरचे जाणकारही येतात, पण अभ्यासगट ठरवत काहीच नाही. ठरवते ग्रामसभा. मला हे फार आवडतं. तपासणारे वेगळे, ठरवणारे वेगळे.

पण मला आठवत होता तो त्यांच्या टीपीचा किस्सा. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात अगदी पहिल्यांदा हा हक्क मिळालेल्या गावांमधलं ते एक. हक्काच्या कागदावर बांबू त्यांचा. कापायचा हक्क होता, विकायचा हक्क होता. पण बांबू भरलेली गाडी नाक्यावरून जायची तर टीपी हवा, आणि टीपीचं पुस्तक वनविभागाकडे. बांबू हे गौण वनोपज की लाकूड, यावर वाद. वनहक्क कायदा म्हणतो गौण वनोपज, जुना वन कायदा त्याला झाडात मोजायचा. गंमत बघा, हक्क कोणी नाकारलेला नव्हता. फक्त दांडा वर जात नव्हता. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती, देवाजी तोफांकडे दिलं. २०१२ मध्ये नियमच बदलले आणि परवाना देण्याचं काम सगळीकडेच ग्रामसभेच्या समितीकडे आलं.

नाका तेव्हा उठला नाही, हे लक्षात घ्या. तो आहे तिथेच आहे. ट्रक आजही थांबतो, कागद दाखवतो. पुस्तक कोणाच्या खिशात, एवढंच बदललं. आणि तेवढ्याने सगळं बदललं.

गिटमध्ये हे पुस्तक कोणाच्या खिशात असतं? मोठा मजेशीर प्रकार आहे. रेपॉझिटरीची प्रत घेतली तर तिच्यासोबत हुक्स येतच नाहीत. सुरक्षेसाठी मुद्दाम असं ठेवलंय, नाहीतर कोणाचीही रेपॉझिटरी उतरवली की त्याचा प्रोग्रॅम तुमच्या मशीनवर चालू लागेल. म्हणजे प्रत्येकाने आपला नाका आपणच उभारायचा. गिटच्या २.९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, हुक्सचं फोल्डर कुठे आहे ते सांगता येतं. त्यामुळे आम्ही ते रेपॉझिटरीतच उघड्यावर ठेवलंय आणि प्रत्येक मुलाने एकदा एक आज्ञा देऊन ते मान्य करायचं. शिवाय 'नो-व्हेरिफाय' असं लिहिलं की प्री-कमिट बाजूला सरतो. कोणालाही, कधीही. कंपन्यांतल्या लोकांना या गोष्टीचा भयंकर राग येतो. मला नाही येत. ज्याच्या अंगणात नाका आहे त्याला तो उचलता आला पाहिजे. टोल्याच्या वेळी त्या मुलाला ही युक्ती माहीत होती, हे मला नंतर कळलं. वापरली का नाहीस विचारलं, तर म्हणाला, "मग तुम्हाला कळलं नसतं ना ताई."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सर्व्हरवरचा हुक मात्र कोणाला ओलांडता येत नाही, आणि म्हणून त्यात काय असावं याबद्दल मी फार कंजूष आहे. सध्या तिथे दोनच नियम आहेत. आधारसारखा क्रमांक, आणि हंगाम बंद झाल्यावर जुन्या पुड्यांच्या आकड्यांत बदल. दुसऱ्यासाठी ग्रामसभेच्या ठरावाचा क्रमांक कमिटच्या संदेशात लागतो. तो नसेल तर गठ्ठा परत. हे दोन्ही नियम आधी कागदावर साध्या मराठीत लिहिले आणि बैठकीत वाचून दाखवले. एका आजोबांनी विचारलं, ठराव झाला आणि नंबर लिहायला विसरले तर? मग संदेश सुधारून परत पाठवता येतो, असं दाखवल्यावरच त्यांनी मान हलवली.

आणि आता त्या मुलाने स्वतः एक नियम लिहून पाठवलाय. एकाच कुटुंबाचे पुडे लागोपाठ तीन दिवस अगदी सारखे आले तर विचार. मी म्हटलं, सारखे येऊ शकत नाहीत का? "येते ना जी, पण तीन दिवस सारखे आले म्हणजे मोजणाऱ्यानं मोजलं नाही, कालचं पाहून लिहिलं." पंधरा ओळींचं लिखाण आहे, माझ्यापेक्षा नेटकं. निरोप त्याने त्याच्या बोलीत लिहिलाय, तो तसाच ठेवणार आहे. फाईलचं नावही मराठीत. फक्त हा नियम अडवणारा करायचा की नुसता बोलणारा, यावर दोन फळ्यांच्या मुलांत अजून एकमत नाही. पावसाळ्यात रोवणी आटोपली की बैठक आहे, तिथे ठरेल. तोवर तो 'सॅम्पल'चं शेपूट लावून पडून आहे.